खोकल्याचा दाखला

२ जून, सोमवार

बारकीच्या वर्गशिक्षिका बाई म्हणाल्या, रोज लिहून ठेवत जा. कुठे गेलात, कुठला कागद कुणाला दिला, कोण काय बोललं. नाहीतर डोक्यात सगळा गोंधळ होतो आणि नेमकी तारीख निघून जाते. म्हणून ही मापांची वही मागच्या बाजूने सुरू केली. पुढून लोकांच्या ओट्यांची मापं, मागून पोरीचं कॉलेज. लिहायला वेळ मिळतो तो जेवणाच्या सुट्टीत, इथे कारखान्यातच. पानांवर पांढरं दिसलं तर ती धूळ आहे. आमच्याकडे ती डब्यातल्या घासावरही असते.

शाळेचा शेवटचा निकाल काल कळला. एकावन्न टक्के. बारकी कागद हातात धरून दारातच उभी राहिली, आत येईना. मी म्हटलं, अगं अर्ध्याच्या वर आहेस, एका टक्क्याने का होईना. हसली नाही. आमची ही आतून म्हणाली, पास झाली ना, मग तोंडं कसली पाडताय. तिचंही पडलेलंच होतं. माझंही पडलं असणार, पण घरात आरसा एकच आणि तो बारकीच्या खोलीत.

४ जून, बुधवार

बारकीला विचारलं, पुढे काय करायचंय. मला वाटलं खांदे उडवेल. ती लगेच म्हणाली, मोजणी. जमिनीची, रस्त्यांची, इमारतींची मोजणी शिकवणारा तीन वर्षांचा डिप्लोमा असतो म्हणे. कधीपासून मनात होतं कोण जाणे.

तसं नवल नाही. गेली चार वर्षं प्रत्येक सुट्टीला ती माझ्याबरोबर कारखान्यात येते. आम्ही स्वयंपाकघराचे ओटे कापतो. हल्ली खाणीतला दगड कमी, कारखान्यात भुकटी दाबून केलेल्या चकचकीत लाद्याच जास्त. कुणाच्याच घराची भिंत सरळ नसते, म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा कापून तो भिंतीला लावून बघायचा, मग दगड. साचे बारकी कापते. काटकोन बघायला आमच्याकडे लोखंडी पट्टी असते, तिला गुण्या म्हणतात. बारकी गुण्या लावायच्या आधी नुसती बघून सांगते, बाबा, हा कोपरा बोटभर बाहेर गेलाय. आणि गेलेला असतो. आमचा मिस्त्री म्हणतो, पोरीला गुण कमी पडले पण गुण्या पक्का आहे. शाळेत तो कुणी तपासला नाही, एवढंच.

मी तिला म्हटलं, करू. म्हणून तर बसलो, पण कसं करणार ते मलाही ठाऊक नाही.

९ जून, सोमवार

खाडा करून तिला घेऊन एका खासगी कॉलेजात गेलो. काचेचं दार, गार हवा, पुढे दगडी काउंटर. माझं लक्ष आधी त्याच्या कडेवर गेलं. पॉलिश पंधराशे नंबरवर सोडून दिलंय, तीन हजारपर्यंत नेलेलंच नाही. जिथे कुणी हात फिरवत नाही तिथे असंच करतात.

टायवाला मुलगा फार गोड बोलला. एकावन्न? काही हरकत नाही, आमच्याकडे मार्कांना महत्त्व नाही, आम्ही माणूस बघतो. मग त्याने फीचा कागद पालथा घालून माझ्याकडे सरकवला. उलटा करून बघितला आणि परत पालथा घातला. बारकीने विचारलं, मोजणीची यंत्रं किती आणि मुलं किती. तो म्हणाला, ते सगळं माहितीपत्रकात आहे. माहितीपत्रकात झाडाखाली हसणारी मुलं होती, यंत्र एकही नव्हतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, बाबा, हे लोक गुण्यात नाहीत.

सरकारी तंत्रशाळा दोन आहेत. जवळची अडुसष्टला बंद होते. दुसरी पाच तासांवर. तिथे गेल्या वर्षी शेवटची यादी पन्नासपर्यंत उतरली होती. फी तिथे आपल्या आवाक्यातली आहे. वसतिगृह, खानावळ आणि अवजारांची पेटी यांचा खर्च आवाक्याबाहेरचा.

१३ जून, शुक्रवार

वाचनालयातल्या बाईंनी शिष्यवृत्त्यांची यादी काढून दिली. अकरा. बारकी वाचत गेली आणि मी पेन्सिलीने खोडत गेलो. पंच्याऐंशी टक्के. पंच्याहत्तर टक्के. खेळाडू. पोहणारे. एक तर नुसती जुळ्यांसाठी होती. ही म्हणाली, तेवढं आधी कळलं असतं तर.

सगळ्या कागदांवर तेच तीन शब्द, गरीब, होतकरू आणि हुशार. पहिल्या दोन्हींत आम्ही बसतो. तिसऱ्याला एकावन्न चालत नाही. सरासरी पोरांनी काय करायचं हे कुणी कुठेच लिहिलेलं नाही. मला खरंच राग आला. ज्याला नव्वद मिळाले त्याला कुणीही उचलून घेईल. हात द्यायचा तो घसरणाऱ्याला की उभ्या असलेल्याला?

यादीत एक निबंधाचीही होती, तिला मार्कांची अट नव्हती. 'मी समाजाला काय देईन', पाचशे शब्द. बारकीने तासभर डोकं खाजवून दोनशे लिहिले. शेवटचं वाक्य होतं, 'मी जे देईन ते मोजून आणि बरोबर देईन.' मला फार आवडलं. पाठवून दिलं आहे. काही होणार नाही.

१७ जून, मंगळवार

आज बाजारात लांब्याची बायको भेटली. लांब्या म्हणजे माझ्या शेजारच्या मशीनवरचा. बारा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. दोन वर्षांपूर्वी गेला. आधी क्षय म्हणाले, मग म्हणाले दगडाचा आजार, फुप्फुसात दगडाची भुकटी बसते. शेवटी शेवटी त्याला शर्टाचं बटण लावताना धाप लागायची.

वहिनींना बारकीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, आमच्या दोन्ही पोरींचं निधीतून चाललंय की. दगडकाम करणाऱ्यांसाठी एक निधी आहे, मालकांकडून वर्गणी घेतात. त्यातून मुलांना शिष्यवृत्ती मिळते, पूर्ण अभ्यासक्रमाची, वसतिगृहासकट. मार्कांची अट नाही, नुसतं पास हवं. मला रस्त्यातच खाली बसावंसं वाटलं.

मग त्यांनी अट सांगितली. कामगार मयत हवा, नाहीतर बाधित. बाधित म्हणजे काय ते मला कळेना. मला भुताचीच बाधा ठाऊक. वहिनी म्हणाल्या, आजार लागलेला. ह्यांच्यासारखा. आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, देवाच्या दयेने मला तसं काही नाही. त्या म्हणाल्या, एकदा दाखवून तर या. बिचाऱ्या, नवरा गेल्यापासून त्यांना सगळेच आजारी दिसतात.

१८ जून, बुधवार

सकाळपासून मशीनवर एकच विचार. मयत व्हायला माझी तयारी नाही. बाधित व्हायला काय लागतं?

२० जून, शुक्रवार

निधीच्या कार्यालयाबाहेर एक अर्जवाला मोठी छत्री लावून बसतो. लोकांचे अर्ज भरून देतो. त्याने सांगितलं, बाधितला छातीच्या सरकारी दवाखान्यातला दाखला लागतो. मी जरा आडून आडून विचारलं, समजा माणूस तसा ठणठणीत असेल, थोडं कमी-जास्त करून मिळतो का. त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाला, "तुम्ही जा तर खरं. शिष्यवृत्तीचं आहे म्हणून सांगा. डॉक्टर समजून घेतात. तुमच्या धंद्यातल्या कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलेलं मी तरी पाहिलं नाही."

म्हणजे डॉक्टर आपल्यातला आहे. गरिबाची पोरं शिकावीत म्हणून सही करत असेल. अशीही माणसं असतात.

घरी येऊन मोरीत खोकायचा सराव केला. बारकी दाराबाहेर पोट धरून हसत होती, निकालानंतर पहिल्यांदाच. ही मात्र म्हणाली, "खोटा कशाला काढताय? तुमचा रोजचा बरा आहे की." मी म्हटलं, रोजचा धुळीचा, तो कारखान्यात सगळ्यांनाच असतो. आजाऱ्याचा वेगळा लागतो, खोल, लांब्यासारखा. लांब्याचं नाव काढल्यावर ती भांडी घासायला गेली. घासलेलीच होती.

लबाडी करतोय हे मला कळतं. आजवर कुणाला अर्धा इंच दगड कमी दिला नाही. पण प्रवेशाची शेवटची तारीख बारा जुलै आहे आणि दुसरा रस्ता मला दिसत नाही.

२४ जून, मंगळवार

दवाखान्यात जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण एवढं नाटक मी जन्मात केलं नव्हतं.

डॉक्टर तरुण आहेत, डोळ्यांखाली काळं. मी आत जाताच खोकून दाखवलं आणि शिष्यवृत्तीचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. म्हणजे समजले. मग किती वर्षं काम, पाणी मारून कापता की कोरडं, तोंडाला काय बांधता. मी म्हटलं कोरडं, पाण्याने चिखल होतो आणि मालकाला घाई असते, तोंडाला रुमाल. तेवढं खरंच सांगितलं.

मग एका नळीत फुंकायला लावलं. मी हुशारीने हळू फुंकली. ते म्हणाले, आता सगळा जोर लावा. कंपाउंडर बघत होता, म्हणून लावला. काटा तरी जागचा फारसा हलला नाही. सरकारी नळी, जुनी असणार. पण आपल्या पथ्यावर पडली. वजनही केलं, मागच्या वर्षीपेक्षा बरंच कमी. प्रवेशाच्या धावपळीत पोट उतरलं, पट्ट्याला मी परवाच नवं भोक पाडलंय.

छातीचा फोटो काढला. डॉक्टर तो उजेडाला धरून बराच वेळ बघत होते. नाटक करावं तर असं. मग समोर बसून हळू आवाजात म्हणाले, काम सोडावं लागेल. आज सोडता आलं तर आज. हे परत भरून येणारं नाही, वाढू द्यायचं नाही एवढंच आपल्या हातात. मी मान खाली घालून ऐकलं. कंपाउंडर होता ना. ते म्हणाले, "मी काय सांगतोय ते तुम्हाला कळतंय ना?"

मी म्हटलं, "कळतंय साहेब. सगळं कळतंय." आणि हळूच डोळा मिचकावला.

ते गोंधळले. मग त्यांनी दाखला लिहिला, शिक्का मारला. मी म्हटलं, तुमच्या घरचा ओटा फुकट करून देतो, नाही म्हणू नका. त्यांनी नकोच म्हटलं. उलट औषधं दिली आणि दर महिन्याला या म्हणाले. किती काळजी घेतात, म्हणजे कुणाला संशय यायला नको. औषधं हिने फळीवर मांडून ठेवली आहेत.

२७ जून, शुक्रवार

फोटोचं मोठं पाकीट कपाटावर ठेवलं होतं. आज ते बारकीच्या पुस्तकांत सापडलं. म्हणाली, बघत होते, दगडासारख्याच रेघा आहेत. मी म्हटलं, डॉक्टरांनी कुणाचातरी लावला असेल, आपल्याला काय. तिने पाकीट परत पुस्तकांत ठेवलं.

हिने एक उशी वाढवली आहे. स्वतःची मान दुखते म्हणाली, आणि उशी माझ्या डोक्याखाली दिली. झोप मात्र बरी लागली.

१ जुलै, मंगळवार

अर्ज द्यायला गेलो आणि अब्रू घालवून आलो. अर्जवाल्याला कशाला विचारायचं म्हणून अर्ज मीच भरला होता. अक्षर माझं चांगलं आहे. अर्जावर दोन रकाने, एक पाल्य, एक पालक. मला वाटलं पाल्य म्हणजे जो पाळतो तो. म्हणून तिथे मी.

खिडकीतल्या कारकुनाने मोठ्याने वाचलं, "म्हणजे तुमच्या मुलीला दगडाचा आजार झालाय आणि तुम्हाला मोजणीच्या डिप्लोमाला जायचंय?" सगळी रांग हसली. मीही हसलो, काय करणार. बारकी सुद्धा हसली. कारकून तसा बरा, त्याने दुसरा अर्ज दिला आणि समोर उभं राहून भरून घेतला. पाल्य, बारकी. पालक, मी. बाधित, मी. आता कागदोपत्री पक्कं झालं.

९ जुलै, बुधवार

झालं. दोन्ही झालं.

तंत्रशाळेची शेवटची यादी लागली. बारकीचा नंबर खालून दुसरा. पण खालून असो की वरून, आत आहे. आणि आज निधीचं पत्र आलं, शिष्यवृत्ती मंजूर. मी कारखान्यात मिस्त्रीला वाचून दाखवलं, मग मालकाला, मग लाद्या उतरवणाऱ्या हमालाला. हमालाला वाचून दाखवायचं काही कारण नव्हतं. बारकीने पत्र छातीशी धरलं आणि म्हणाली, बाबा, पहिलं घर मोजीन ते आपलं. आपलं घर काय मोजायचं, दोन खोल्या, चार पावलांत संपतं. पण मला रडू आलं आणि ते लपवायला मी आमचा नेहमीचा खोकला काढला.

घरात आता तो खेळच झाला आहे. संध्याकाळी मी दाराशी येऊन आजाऱ्याचा खोकला काढतो, आतून बारकी ओरडते, बाधित आले. शेजारीही हसतात.

१० जुलै, गुरुवार

प्रवेश पक्का केला. पावती या पानाला टाचली आहे. कॉलेज अठरा ऑगस्टला सुरू.

२१ जुलै, सोमवार

शिष्यवृत्तीच्या कागदावर एक शिक्का राहिला होता, म्हणून निधीच्या कार्यालयात गेलो. भिंतीवर यादी लावली आहे. मंजूर झालेल्यांत शेवटचं नाव बारकीचं. त्याखाली रेघ, त्याखाली प्रतीक्षा यादी. रेघेखालचं पहिलं नाव कुणाचं ते जिन्यावर कळलं. खालच्या पायरीवर एक माणूस बसला होता, माझ्याच वयाचा, नाकात नळी, शेजारी चाकांवर टाकी. बरोबर बायको. तो दगड घडवायचा. मुलीला परिचारिकेचं शिकायचंय. बायको म्हणाली, एका नावाने राहिलं हो. त्या माणसाला बोलता येत नव्हतं, तो नुसता माझ्याकडे बघून हसला. धंद्यातला माणूस हातांवरून ओळखतो.

एका नावाने. ते नाव माझ्या पोरीचं. शिक्का न घेताच परत आलो.

२२ जुलै, मंगळवार

जेवण गेलं नाही. लांब्या आठवतो. त्याच्यासारख्यांचं जे होतं ते मी ढापलं, असं वाटतं. हिला सांगितलं की मी जाऊन खरं सांगून टाकतो, पोरीचं काय व्हायचं ते होवो. ती एकदम म्हणाली, "नका जाऊ. मिळालंय ते मिळू दे." कधी खोटं न चालवून घेणारी बाई. मी म्हटलं, अगं दुसऱ्याच्या तोंडचं आहे ते. तिने पदर डोळ्यांना लावला आणि तरीही नका जाऊ म्हणाली. बारकी खिडकीत पाठ करून उभी होती, वळली नाही. पैशापुढे माणसं बदलतात, माझ्या घरातही. मला दोघींचा राग आला.

२४ जुलै, गुरुवार

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. वर जाताना दोनदा थांबलो. खोटं खोकता खोकता अंगवळणी पडलं, धापही लागायला लागली.

तपासणीच्या मॅडम चष्मा कपाळावर ठेवून बसल्या होत्या. उभ्या उभ्याच सांगितलं, माझा दाखला खोटा आहे, मला काही झालेलं नाही, मुलीचं नाव काढा आणि जिन्यावर बसतात त्यांच्या मुलीचं लावा. त्या एकदम ताठ झाल्या. डॉक्टरांनी काही घेतलं का, असं विचारलं. मी म्हटलं, ओटा देत होतो तर तोही घेतला नाही. त्यांची काही चूक नाही, मी नाटक केलं.

त्यांनी फाइल काढली. वाचता वाचता चष्मा डोळ्यांवर घेतला. मग मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाल्या, दाखला नुसता एका डॉक्टरांचा धरत नाहीत. फोटोची दुसरी प्रत तीन डॉक्टरांकडे जाते, नाव झाकून, नुसता नंबर. या वर्षी चौसष्ट फोटो आले. एकोणीस परत पाठवले. "तुमच्या फोटोवर त्यांनी चर्चाही केली नाही."

त्यांनी फोटो खिडकीच्या काचेला धरून पेन्सिलीने दाखवलं. वरच्या बाजूला दोन्हीकडे पांढरं पांढरं. लादीत भुकटी नीट दाबली गेली नाही की जशा गाठी दिसतात, तशा गाठी. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "सांगितलं."

मॅडमनी फोटो परत फाइलीत ठेवला. मला वाटलं भीती वाटेल. आधी लाज वाटली. डोळा मिचकावला होता मी त्यांना. मग एकेक आठवायला लागलं. नळी, पट्ट्याचं भोक, उशी, वहिनींचं बघणं. ही म्हणाली होती, नका जाऊ. खिडकीतली पाठ. मी परवा त्यांच्यावर रागावलो होतो.

जिन्यावरच्या माणसाचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, पुढच्या बैठकीत त्यांचं बघू, त्यात तुमच्या मुलीचा काही संबंध नाही. उठताना मी विचारलं, "मॅडम, तीन वर्षं पुरेल ना?"

त्यांनी कागद उलटून पाहिला. म्हणाल्या, "पुरेल की. पूर्ण अभ्यासक्रमाची आहे."

२५ जुलै, शुक्रवार

कामावर आलो. मशीन सुरू करायला हात जाईना. मग केली.

बारकी सुट्टीची म्हणून डबा घेऊन आली आणि नेहमीसारखी पुठ्ठा कापायला बसली. शेजारी मिस्त्री कोरडं कापत होता. तिच्या केसांवर, पापण्यांवर पांढरं. चार वर्षं ते मी प्रत्येक सुट्टीत बघितलंय. आज कारकुनाचं वाक्य कानात वाजलं, म्हणजे तुमच्या मुलीला दगडाचा आजार झालाय. सगळे हसलो होतो.

तिच्या हातातला पुठ्ठा मी ओढून घेतला. म्हटलं, पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही, आता कॉलेजात चाललीस, हे हमालाचं काम तुझं नाही. तिच्या मनाला लागलं. पुठ्ठा अर्धा कापलेला राहिला. तो मी पुरा केला तर कोपरा चुकला.

२९ जुलै, मंगळवार

तंत्रशाळेला तब्येतीचा दाखला लागतो अशी थाप मारून काल बारकीला छातीच्या दवाखान्यात नेलं. तिने फार विचारलं नाही. तिचा फोटो काढला तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. एवढी लांब पंधरा मिनिटं मी कधी काढली नाहीत. देवाला म्हटलं, माझं काय ते असू दे, मी तक्रार करत नाही. इथे अर्जाचे रकाने उलटसुलट करू नकोस.

डॉक्टरांनी तिला बाहेर पाठवून मला आत घेतलं. फोटो उजेडाला धरला. म्हणाले, स्वच्छ आहे. मी पुन्हा बघा म्हटलं. त्यांनी पुन्हा बघितला. स्वच्छ आहे, म्हणाले, फक्त त्या कारखान्यापासून तिला लांब ठेवा. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आता कळलं ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "कळलं." औषधं कशी घ्यायची ते परत विचारून घेतलं. मागच्या खेपेला ऐकलं नव्हतं.

मालकाशीही बोललो. पाणी मारून कापणार, नाहीतर साच्याच्या आणि मापाच्या कामाला लावा. मालक म्हणाला बघू. बघू म्हणजे नाही, हे मला ठाऊक आहे. दुसरीकडे विचारायला सुरुवात केली आहे, पण वीस वर्षांत मी दुसरं काही शिकलेलो नाही. बारकीचं सामान मात्र बांधून झालं. अवजारांच्या पेटीत माझा गुण्या ठेवला आहे. तिला तिथे नवा मिळेल, तरी ठेवला.

घरी काही सांगायचं नाही असं ठरवलंय. पोरीला कळलं तर ती जाणार नाही, आणि ती गेली नाही तर हे सगळं कशासाठी. काल संध्याकाळी परत येताना बारकी पुढे पळाली, मी मागे राहिलो. शेवटच्या वळणावर धाप लागली आणि खोकला सुरू झाला. भिंतीला हात लावून तो संपेपर्यंत थांबलो. डोळे पुसले. मग दाराशी येऊन आमचा तो खोटा काढला, खोल, लांब्यासारखा.

बारकी आतून ओरडली, बाधित आले. जरा जास्तच मोठ्याने ओरडली. ही गरम पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी होती.